तांबडं रान

आमच्या मोईवाडीला शहाणपण कधी कमी पडलं नाही, बहात्तर साली पाणी तेवढं कमी पडलं. अकोले तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमची मूठभर घरं. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, सरकारी सुकडी खायची आणि संध्याकाळी एकमेकांची उणीदुणी काढायची. अशा दिवसांत पुण्याहून बेलवलकर साहेब आमचं जंगल किती जेवण करतं, हे मोजायला आले.

हा शब्द माझा नाही, त्यांचाच. पानं म्हणजे झाडाची चूल, ते सांगायचे. ऊन हे सरपण, हवा आणि पाणी हा शिधा. पानात स्वयंपाक होतो म्हणून झाड वाढतं. अमेरिकेनं नुकतंच एक यंत्र आभाळात सोडलं होतं. ते ठरल्या दिवशी आमच्या डोंगरावरून जायचं आणि वरून फोटो काढायचं. जिवंत पानावरून एक उजेड परत फिरतो, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. फोटोत तो तांबड्या रंगानं दाखवतात. तांबडं जितकं जास्त, तितक्या चुली पेटलेल्या. त्यावरून सगळ्या जंगलाच्या स्वयंपाकाचा हिशेब पुण्यात बसून करायचा. आम्ही माना डोलावल्या. हिरवं पान फोटोत तांबडं होईल, हे खरं तर कुणालाच पटलं नव्हतं. वाडीतल्या चुली किती पेटतात हे साहेबांनी विचारलं नाही, आणि ते मोजायला यंत्र लागतही नव्हतं.

साहेबांच्या हाताखाली मच्छिंद्र होता, जंगल खात्याचा रोजंदारीवरचा राखणदार. साहेबांनी डोंगरात दोरी बांधून चौकोन आखले होते. त्यातली पानं खुडून तोलायची आणि तिथं कुणाची शेळी शिरू द्यायची नाही, हे त्याचं काम. बेलवलकरांनी तुझ्याबद्दल चांगलं लिहिलं तर तुला कायम करू, असं रेंजर साहेब त्याला म्हणाले होते. कायम होणं म्हणजे दिवाळीनंतर कोपरगावकडे ऊस तोडायला न जाणं. त्याची बायको राहीबाई एका हंगामात उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीतच बाळंत झाली होती आणि ते पोर तिथल्याच बांधाला पुरून आली होती. 'म्या पुना कोपीत ऱ्हानार न्हाई,' एवढं एकच मागणं ती नवऱ्याकडे मागायची. त्या नोकरीवर दोघांचा जीव टांगलेला होता.

त्र्याहत्तरच्या चैत्रात साहेब दोन फोटो घेऊन आले. एक आदल्या दिवाळीच्या सुमाराचा, दुसरा माघातला. अमेरिकेहून यायला त्यांना वेळ लागायचा. पहिल्यात आमचा डोंगर चांगला तांबडा होता. दुसऱ्यात तोच डोंगर राखेच्या रंगाचा. माघापर्यंत सालई, मोई, साग सगळे पानं टाकतात, हे शेळीलाही ठाऊक असतं. साहेबांनाही ठाऊक होतं. पण त्यांना थट्टेची सवय होती.

"काय रे मच्छिंद्र, जंगल विकलंस की काय?" ते म्हणाले.

मच्छिंद्रचं तोंड उतरलं. "साहेब, एक झाड हाललं न्हाई. ह्यो गेरू उडालाय."

"कसला गेरू?"

मग त्यानं समजावून सांगितलं. कुणी बडा माणूस यायचा असला की वाटेवरच्या झाडांच्या बुंध्यांना गेरूचे पट्टे मारायचे, ही खात्याची रीत. दिवाळीला मंत्री येऊन गेले, तेव्हा मच्छिंद्रनं वाटच नव्हे, निम्मा डोंगर रंगवला होता. त्याबद्दल त्याला शाबासकीही मिळाली होती. "त्येच तांबडं आलंय बगा फोटूत," तो म्हणाला. "आता गेरू ग्येला, तांबडंबी ग्येलं."

साहेबांनी रेंजरकडे बघितलं. रेंजरनी डोळा मारला.

"मग लाव की पुन्हा," साहेब म्हणाले. "यंत्राच्या पुढच्या फेरीला डोंगर तांबडा करून दाखव, मी स्वतः तुला कायम करायला लावतो." आणि वैशाखातल्या फेरीची तारीखही सांगून टाकली. दोघं चहा पिताना पुन्हा हसले. हा किस्सा नंतर पुण्यातही बराच चालला म्हणे.

मच्छिंद्रनं दुसऱ्याच दिवशी डोंगरातली तांबडी माती खणायला घेतली. माती फुकट होती. ती कालवायला पाणी मात्र हवं होतं, आणि पाण्यासाठी वाडीत डोकी फुटत होती. टँकर यायचा तेव्हा यायचा. एरवी आमच्या विहिरीच्या तळाला कपारीतून पाणी झिरपायचं, ते वाटीनं भरायला कुणीतरी दोर बांधून खाली उतरायचं. राहीबाई अंगानं काडी, म्हणून बहुतेक तिलाच उतरवायचे. सगळ्या वाडीसाठी ती उतरायची तेव्हा आम्हाला तिची काळजी नव्हती. झाडांसाठी उतरायला लागली तेव्हा मात्र आम्हाला राग आला.

"मानसाला घोटभर पानी न्हाई आन् तू झाडाला आंगुळ घालतीस व्हय गं?" शेजारची आक्काबाई तिला भर चावडीपुढं म्हणाली.

"माज्या वाटनीचं पानी हाय, आक्का," राहीबाई म्हणाली. "म्या कमी पीन."

तिनं ते खरं केलं. ती कमी प्यायली. ओठ फुटले, तरी सकाळी खडी फोडायची आणि भर दुपारी, विहिरीवर कुणी नसताना उतरायची. दोर मच्छिंद्रच्या हातात असायचा. संध्याकाळी दोघं गोणपाटाचे बोळे घेऊन डोंगर चढायची. बुंध्यामागून बुंधा तांबडा होत वर सरकत होता, आणि आम्ही खालून बघून हसत होतो. आम्हाला कळत होतं की हा वेडेपणा आहे. पण खरं सांगायचं तर दुष्काळात हसायला फुकट मिळालेली तेवढी एकच गोष्ट होती, ती आम्ही सोडली नाही.

विहीर जुनी, कोरडी पडून तिचे दगड सुटत चालले होते. एका दुपारी वरच्या अंगाचा एक चिरा निखळला आणि सरळ खाली गेला. मच्छिंद्रच्या हातातला दोर सुटला नाही. त्यानं तिला ओढून वर काढलं तेव्हा डोकं फुटलेलं होतं, कळशी शाबूत होती. पाव कळशी पाणी होतं तिच्यात.

दहाव्याला कावळा लवकर शिवेना. माणसं उन्हात ताटकळली, पुटपुटायला लागली. तेव्हा मच्छिंद्र पिंडाजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाला, "येक पट्टा ऱ्हायलाय, राहे. त्यो म्या पुरा करतो." कावळा शिवला. त्याच दिवशी तो त्याच पाव कळशीतल्या पाण्यात माती कालवून डोंगरावर गेला, कारण यंत्राची फेरी परवावर आली होती. त्या दिवशी आमच्यातलं कुणी हसलं नाही. मदतीलाही कुणी गेलं नाही.

मग पाऊस झाला. गेरू दोन सरींत धुऊन गेला, डोंगर पानांनी भरला, खडीची कामं थांबली. बेलवलकर साहेब एकदम पुढच्या थंडीत आले. त्यांनी चावडीत फोटो पसरला. आमचा डोंगर तांबडालाल होता, दिवाळीच्या फोटोपेक्षाही तांबडा. साहेब खुशीत होते. मच्छिंद्रनं तोललेली पानं आणि फोटोतलं तांबडं यांचा त्यांना पाहिजे तसा मेळ बसला होता.

मच्छिंद्र फोटोवर वाकला. बराच वेळ बघत राहिला. कित्येक महिन्यांनी आम्ही त्याचं तोंड उजळलेलं पाहिलं.

"राहीचं पानी कामी आलं," तो म्हणाला.

साहेबांना कळेना. आक्काबाईनं पदराला डोळे पुसत सगळं सांगितलं.  त्या वेळी साहेब गप्प राहिले असते तर मी त्यांना हात जोडले असते. पण साहेब सत्याचे माणूस. त्यांनी पिशवीतून आणखी एक फोटो काढून शेजारी ठेवला.

"हा बघ, हा वैशाखातला," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही गेरू लावला होतात तेव्हाचा." त्यात डोंगर राखेच्या रंगाचा होता. "तुमची अख्खी वाडी यात नखाएवढी नाही, बुंधे कुठून दिसणार? हा तांबडा फोटो भाद्रपदातला आहे, पावसानंतरच्या पानांचा. ती आपोआप येतात."

"आमी काईच केलं नसतं तर?"

"तरी असंच आलं असतं."

मच्छिंद्रनं दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. मग अगदी साध्या आवाजात, काही माहिती विचारावी तसं विचारलं, "मंग त्या दिसी का न्हाई सांगितलं, साहेब?"

"अरे, मला वाटलं तुला थट्टा कळली असेल."

मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, वाडीतलं कुणीच साहेबांच्या अंगावर जात नाही. साहेबांचे डोळे भरून आले होते, खोटं नव्हतं ते. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "मी रेंजर साहेबांशी बोललोय. तुला कायम करतायत. नोकरी हवी आहे ना तुला अजून?"

मच्छिंद्र खाली बघत होता. चावडीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"व्हय, साहेब," तो म्हणाला.