दारात मिळालेली खुर्ची

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर टाकून दिलेल्या कुबड्यांचा ढीग, आणि ढिगापुढे घामाघूम झालेले गर्जनाबंधू. प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या या उपदेशकाला हे नाव भक्तांनी कौतुकाने ठेवलेलं. बंधूंना माइकची गरज नव्हती, तरी ते तो जवळजवळ गिळूनच बोलत.

"मला दिसतंय! येशू मला दाखवतोय! इथे कुणाची तरी कंबर दुखतेय!"

दोन हजार माणसांत कुणाची तरी कंबर दुखतेय! केवढी ही दिव्यदृष्टी! पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाईंना हसू आवरेना. बाई रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवत. देवावर श्रद्धा पक्की, म्हणूनच असल्या सोंगांची भारी चीड. पाय मात्र त्यांचे ठणठणीत. पायऱ्या चढून दारात पोचल्यावर जरा दम लागला, तेवढ्यात एक कार्यकर्ता खुर्ची घेऊन धावला, "आजी, बसा ना, उभ्या कशाला राहता?" फुकटचा आराम कुणाला नको? बाई बसल्या, आणि त्याने खुर्ची ढकलत थेट पुढे आणून लावली.

शेजारी एक लहान मुलगी तिच्या घरच्या जुन्या खुर्चीत बसली होती. काटकुळ्या पायांना आधाराच्या पट्ट्या. मागे तिची आई डोळे मिटून पुटपुटत होती.

"तुम्हालाही चालता येत नाही?" मुलीने विचारलं. "पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. मग मी काठी घेऊन चालणार. पण आई म्हणते, आज उठले तर ऑपरेशन नकोच."

बाई उत्तर देणार तोच दिव्याचा झोत त्यांच्यावर आला आणि बंधू समोर उभे ठाकले.

"माते! किती वर्षं ही कैद? नको, बोलू नका! उठा!"

हात धरून खसकन ओढल्यावर माणूस उठणार नाही तर काय करणार? बाई उठल्या. दोन पावलं चालल्याही. सभागृह दणाणलं, बायका हुंदके देऊ लागल्या. बाई गप्प राहिल्या. माइक एकदा हातात येऊ दे, याची भरसभेत जिरवते, असं मनाशी म्हणत त्या मजेत थांबल्या.

मागे आईने लेकीच्या पट्ट्या सोडल्या होत्या.

"ऊठ बाळा! आजी उठल्या, बघ!"

मुलगी उठली. एक पाऊल टाकलं. काडकन आवाज झाला आणि ती तोंडावर आपटली. पाठोपाठ तिची किंकाळी.

बंधू क्षणभरही अडखळले नाहीत. "विश्वास कमी पडला! या घरात पाप आहे! न्या तिला बाजूला!"

"आई, मी खरंच ठेवला होता गं विश्वास," मुलगी कळवळत म्हणाली.

बाईंनी माइक हिसकावला.

"मी चालत आलेय! मला काडीचाही आजार नाही! ही खुर्ची यांची, बसवणारा माणूसही यांचाच! चाकाच्या खुर्च्यांच्या या रांगेत अजून कोण चालत आलंय? हात वर करा!"

एक म्हातारा ओशाळून हात वर करता झाला. मग आणखी एक. मग जवळजवळ सगळी रांग. खरे पांगळे शेवटच्या रांगेत, खांबांआड बसवलेले होते. मुलगी तेवढी आईच्या हट्टामुळे पुढे आली होती.

"आणि पाप?" बाईंचा आवाज फाटला. "जन्मांधाला बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? तो म्हणाला, कुणाचंच नाही! चमत्कार करून दाखव म्हणणाऱ्यांना त्याने साफ नकार दिला. त्याने केले ते चमत्कार म्हणजे नुसती रस्त्यावरची पाटी. दुखणाऱ्याजवळ जा, एवढंच ती सांगते. पाटीचा तमाशा कसला मांडता?"

"सैतान! हाकला हिला!" कुणीतरी ओरडलं. बंधू तोवर मागच्या दाराने पसार झाले होते.

रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "मांडीचं हाड मोडलंय. ते ऑपरेशन आता विसरा. पुढे होईल की नाही, सांगता येत नाही."

बाई आईच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या. आईने तो झटकला.

"तुम्ही उठलात म्हणून मी तिला उठवलं. चालता येतं, हे तेव्हाच का नाही बोललात?"

बाईंनी हात मागे घेतला. हा प्रश्न तुमच्याआमच्यासाठीही आहे. आपल्यालाही सोंग कळतं, आपण गालात हसतो आणि योग्य वेळेची वाट बघतो. तेव्हा एवढं करा: कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हा माणूस इथे आला कसा? आणि खोटं दिसलं तर तिथल्या तिथे, मोठ्याने बोला. थांबलात तर हाड तुमचं मोडत नाही, शेजारच्या पोरीचं मोडतं.