झाडावर लागलेलं किरकिर

सकाळी आमच्या गेमचं नवं व्हर्जन तपासायला उघडलं आणि तळ्याकाठच्या झाडावर माझं नाव लटकलेलं दिसलं. काटेरी, हिरवंगार फळ, खाली पाटी: किरकिर. तोडलं तर किंचाळलं. ऑफिसात मला किरकिरच म्हणतात. मी टेस्टर, चुका काढायचाच पगार घेते, मग गोड बोलून कसं भागणार?

ही फळं गोळा करायला पोरं जीव टाकतात, आणि त्यांची नावं आली कुठून यावर नेटवर एकमेकांची डोकी खातात. कोणी म्हणतं जुनी भाषा आहे, कोणी म्हणतं मंत्र आहेत. कसले मंत्र न् कसलं काय. आमच्याकडे जो नोकरीतून जातो त्याच्या टोपणनावाचं एक फळ झाडावर लागतं, झालं. 'घुम्या' हे तोंड न उघडणाऱ्या संगीतवाल्याचं, ते तोडताना आवाजच होत नाही. 'लोणकढी' हे सतत थापा मारणाऱ्या एका महाशयांचं. दिसायला रसरशीत, आत पोकळ. फळांची चित्रं काढतात काका, आमचे सगळ्यात जुने चित्रकार, आणि नावही तेच ठेवतात. माणूस ज्यावरून आठवतो तेच नाव, असं त्यांचं म्हणणं.

पण फळ लागतं ते माणूस गेल्यावर. मी तर खुर्चीत बसले होते.

नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर माझ्या एकटीच्या जिवावर चाललंय. त्याला मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला, परत पुसला. मॅनेजरबाई जाताना माझ्याकडे बघून हसल्या. एरवी त्या हसत नाहीत. चहाच्या मशीनपाशी दोघं मला बघून गप्प झाले, की आधीपासूनच गप्प होते, देव जाणे. दिलेलं काम बाजूला ठेवून मी आपली तळ्याकाठी जाऊन बघत होते, फळ आहे की गेलं. आहेच. डबा तसाच राहिला.

शेवटी राहवेना. काकांच्या टेबलापाशी गेले. ते ड्रॉवर रिकामा करत होते, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

"काका, तोंडावर सांगायचं होतंत. झाडावर कशाला टांगलंत मला?"

"काय टांगलं?" त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. हे कसं बाहेर गेलं?"

"म्हणजे खरंय."

"तुझं नाही गं बाई. माझं." ते खुर्चीत टेकले. "शुक्रवारी माझा शेवटचा दिवस. मी गेल्यावर तुमची फळं कोण काढणार? नवा येईल त्याला माणसं कुठे माहीत? म्हणून सगळ्यांची काढून ठेवली. तुझं चुकून वर गेलं."

"हुश्श," मी म्हणाले.

निघून गेलं तोंडातून. छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, चांगलं लांबलचक. डोळे उघडले तर काका माझ्याकडेच बघत होते. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"काका, तसं नव्हतं हो..."

"असू दे. जा, काम कर."

आणि मी खरंच गेले. पुढे काय करणार, घरी कोण असतं, काहीसुद्धा विचारलं नाही. मग आठवडाभर मनात वाक्य जुळवत बसले. शुक्रवारी ते एकेकाचा निरोप घेत आले तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "येत जा अधूनमधून." ते मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेले.

सोमवारी नवं व्हर्जन आलं. किरकिर काढून टाकलं होतं. त्याच फांदीवर दुसरं फळ होतं, पिवळं, पिकलेलं. काकांनी जाता जाता स्वतःचं काढून ठेवलेलं. काकांना टोपणनाव नव्हतं, मग पाटीवर काय असेल? जवळ जायला मन धजेना. गेले.

हुश्श.

खेळणारा कितीही थकलेला असो, हे एक खाल्लं की सगळी ताकद परत येते. नेटवरची पोरं म्हणतील, या नावाचा अर्थ तर अगदीच सोपा आहे. खाल्ल्यावर गेममधला गडी छातीवर हात ठेवतो, डोळे मिटतो आणि चांगला लांबलचक श्वास सोडतो.

तपासणं माझंच काम. तोडलं, खाल्लं, परत तोडलं, परत खाल्लं. संध्याकाळपर्यंत चूक शोधत होते. एकही सापडली नाही.