खांदे कमी पडलेली डोली

मित्रांनो, या डोंगरातल्या दळणवळणाचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर पहिले प्रकरण माझ्यावर लिहावे लागेल. मी एक जुनी डोली आहे. म्हणजे एक बांबू आणि त्याला दोन्ही टोकांनी बांधलेली घोंगडी. घोंगडी तिसरी आहे. तेव्हा प्रकरण फार लांबणार नाही.

वरंधच्या वर आमची वाडी. गाडीरस्ता खाली वरंधला. मधली दोन कोसांची उतरण माझ्याकडे. तापाने फणफणलेले, साप चावलेले, झाडावरून पडलेले, सगळे माझ्यातून उतरले. बरे होऊन चढताना मात्र माझ्याकडे कोणी बघत नसे. मी रागावले नाही. दुखण्यातली सोबत सुखात आठवायची नसते, एवढे मला कळते.

मला दोन खांदे लागतात आणि बदलीला आणखी दोन. पूर्वी हाक मारली की घरटी एक बाप्या येई. पुढे बाप्ये मुंबईला गेले. पोटासाठी गेले, त्यांना नावे कशी ठेवणार?

एकसष्ट साली एक साहेब सांगून गेले, वस्ती पाचशेच्या वर असेल तर रस्ता वर आणू. गावकर कोंडाजीने पाचशे बारा माणसे लिहून दिली. तो खोटे बोलला नाही. त्याच्या हिशेबी माणूस मुंबईत राहिला तरी वाडीचाच, कारण शिमग्याला देवाची पालखी उचलायला त्याचाच खांदा. श्रावणात कारकून पडताळणीला आला. डोकी भरली एकशे नव्वद. बाकीच्यांचे मुंबईचे पत्ते द्यायला कोंडाजी तयार होता. कारकुनाने ते घेतले नाहीत. रस्ता दुसऱ्या खोऱ्यात गेला.

पुढच्या माघात भागोजीची सून राहीबाई बाळंतपणात अडली. नवरा महिपती मुंबईला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईणीने हात टेकले. खाली वरंधला महाडच्या अब्बासची लाकडाची लॉरी उभी होती. तिला आणा, मी थांबतो, दवाखान्यात पोचवतो, असा त्याने निरोप धाडला. पण वाडीत मला पेलतील असे बाप्ये उरले होते भागोजी धरून तीन, त्यातले दोघे महाडच्या बाजाराला गेलेले.

शेजारची गोदूबाई तीन बायका घेऊन आली. "भावजी, आमी धरताव बांबू."

"खांदा बाप्यांनी द्यायचा असतो गो," भागोजी म्हणाला. "बायकांचा खांदा डोलीला अशुभ. येतील ते दोघं."

तो उंबऱ्यावर बसून वाट बघत राहिला. ऊन अंगणातून गोठ्यावर गेले. बाजारकरी आले नाहीत.

राहीबाई सासऱ्यांशी कधी थेट बोलली नव्हती. त्या दिवशी आतून तिचा आवाज आला. "मामंजी, कोनीपन धरा. पन उचला."

तेव्हा भागोजी उठला. पुढे तो, मागे गोदूबाई, बदलीला बाकीच्या. बायकांचा खांदा इतका स्थिर, की मला आधीचे बाप्ये आठवून लाज वाटली.

शेवटच्या उतरणीवर घोंगडीतले वजन तेवढेच राहिले, पण हलायचे थांबले. ते सगळ्यांत आधी मला कळले. मला सांगता येत नाही.

अब्बास सकाळपासून थांबला होता. त्याने घोंगडीत पाहिले आणि टोपी काढली. भागोजी रस्त्यावरच खाली बसला. "मी बसून ऱ्हायलो," एवढेच म्हणाला.

"उठा भावजी," गोदूबाई म्हणाली. "परत न्यायची हाय तिला."

वाडीची वस्ती त्या दिवशी दोनाने घटली. मोजायला कारकून आला नाही.

आता कोणी अडले की हाक भागोजीच मारतो, आणि आधी बायकांना मारतो. रस्ता अजून खालीच आहे. म्हणून मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार होते. पण तेवढे नको. माझ्या बांबूला सुक्या बोंबलांची टोपली टांगली आहे, ती पलीकडच्या वाशाला लावा. बांबू वाकतोय.