मिस अर्लीनचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. अमेरिकेत, जॉर्जियामधल्या अल्फारेटा गावी एका मराठी घरात मी राहतो. माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझी लेन्स बसवली. तिथून खोक्यात बंद होऊन मी समुद्रापार आलो आणि प्रीताच्या हाती पडलो.

प्रीता इथेच जन्मली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. खांदा दुखतो म्हणून तिच्याकडे मिस अर्लीन टकर नावाच्या वयस्कर बाई यायच्या. इथे वडीलधाऱ्या बाईंना मानाने 'मिस' म्हणतात. त्या गिटारवर ब्लूज गायच्या. ब्लूज म्हणजे इथल्या कृष्णवर्णीय माणसांनी कापसाच्या शेतांत, कष्टांत आणि ताटातुटीत रचलेलं गाणं. अर्लीनबाईंना ते वडिलांकडून मिळालं होतं, फक्त ऐकून. "माझ्याबरोबर वाजवणारे सगळे गेले," त्या एकदा सहज म्हणाल्या. पुढच्याच शनिवारी त्यांचं गाणं टिपायला प्रीताने मला बॅगेत भरलं.

"कोण बघणार आहे गं हे?" तिच्या आईने, अपर्णाताईंनी विचारलं.

"आई, नोबडी एल्स इज डूइंग इट. डबा दे ना, प्लीज."

मग कित्येक शनिवार आम्ही दक्षिणेकडे त्यांच्या घरी ड्राइव्ह करत गेलो. अर्लीनबाई ओसरीवर बसून वाजवायच्या. त्यांच्या डाव्या करंगळीत बाटलीच्या गळ्याचा तुकडा असे. तो तारांवरून घसरला की गिटार माणसासारखी कण्हायची. मी ते सगळं टिपलं. एकदा लायब्ररीत आमचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या आयुष्यातलं तेवढंच कौतुक.

पुढे प्रीताने नवा फोन घेतला. तिचं काम वाढलं, शनिवार कमी झाले. मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो. लेन्सवर धूळ बसली. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. काही न वाटण्याचीही सवय होते.

एक दिवस अर्लीनबाईंच्या नातीचा, टियानाचा फोन आला. आजीला स्ट्रोक आला होता, डावा हात गेला होता. प्रीताने मला खाली काढलं, पुसलं, जुनी मेमरी कार्डं घेतली आणि निघाली.

अर्लीनबाई त्याच खुर्चीत होत्या. हात मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. प्रीताने माझ्या छोट्या स्क्रीनवर जुना व्हिडिओ लावला.

"हा हात कुणाचा?" अर्लीनबाईंनी विचारलं.

"तुमचाच, मिस अर्लीन."

"हं."

त्यांचा चेहरा हलला नाही. गाणं संपेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टियाना, गिटार आण."

टियाना गोंधळली. "आजी, तू मला कधी शिकवलंच नाहीस."

"ती शिकवेल," अर्लीनबाईंनी स्क्रीनकडे मानेने खूण केली. "बाळा, आवाज वाढव. आणि परत पहिल्यापासून लाव."

त्यानंतर दर शनिवारी तेच चाललं. स्क्रीनवरची बोटं बघून टियाना वाजवायची. अर्लीनबाई डोळे मिटून ऐकायच्या, मधेच म्हणायच्या, "नाही. अंगठा थांबवायचा नाही."

पानगळीच्या दिवसांत अर्लीनबाई गेल्या. चर्चमध्ये टियानाने त्यांचं गाणं वाजवलं. एका जागी ती चुकली, पण अंगठा थांबला नाही. प्रीता शूटिंग करत होती. ती रडली नाही. गाणं संपल्यावर मला बंद करायचं मात्र ती विसरली. मी तिच्या हातात खाली लोंबत राहिलो आणि फरशी, लोकांचे बूट, पार्किंगमधली पानं टिपत राहिलो.

घरी आल्यावर अपर्णाताईंनी विचारलं, "जेवतेस?"

"भूक नाहीये, आई," ती म्हणाली आणि कोट न काढताच लॅपटॉपसमोर बसली. सगळ्या व्हिडिओंची कॉपी टियानासाठी करायची होती.

मित्रांनो, आता माझी बॅटरी फुगली आहे. माझ्यासाठी काही मागत नाही. फक्त एवढंच सांगतो. कुणाचं गाणं टिपलंत, तर ते स्वतःच्या कपाटात ठेवू नका. ते त्यांच्या घरी नेऊन द्या. आणि ती माणसं आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून एकदा तरी बघा.