कोपऱ्यात बाण असलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि आज मी गोड बोलणार नाही.

माझं आयुष्य लहान मुलांच्या दवाखान्यातल्या कपाटात गेलं. काम एकच. टेबलावरच्या संगणकातल्या सगळ्या नोंदींची नक्कल पोटात जपायची, म्हणजे तिथली डिस्क दगावली तर सगळं परत मिळेल.

आधीच्या कारकूनबाई नक्कल घेतली की ती लगेच उघडायच्या, दोन-चार नावं वाचून बघायच्या. काम केल्याचं समाधान मिळायचं मला. त्या निवृत्त झाल्या आणि आले टापटीपराव. हे नाव दवाखान्यानंच त्यांना ठेवलेलं. त्यांनी मला मखमली पिशवी शिवून आणली. दर शनिवारी मला पुसायचे, जोडायचे आणि पडद्यावरचं चित्र उचलून माझ्यात टाकायचे. "आधीचं आहे, बदलू का?" असं संगणक विचारायचा, हे खुशाल "हो" म्हणायचे.

पण त्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण होता. म्हणजे त्या नोंदी नव्हत्याच, नोंदींकडे जायचा नुसता रस्ता होता. शॉर्टकट. सात महिने हा माणूस माझ्या पोटात घराऐवजी घराचा पत्ता टाकत होता! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वर येणारा-जाणारा माझ्या पिशवीचं कौतुक करायचा. माझा नुसता तिळपापड व्हायचा, पण मला तोंड कुठे आहे?

एका सोमवारी सकाळी संगणकातली डिस्क टकटक वाजली आणि गेली.

"काळजी नको मॅडम, नक्कल आहे आपल्याकडे," टापटीपराव डॉक्टरबाईंना म्हणाले.

दुरुस्तीवाल्यानं मला जोडलं, ते चित्र दाबलं. काही उघडेना. टापटीपरावांची पाचावर धारण बसली. शेवटी माझ्या तळाशी कारकूनबाईंची सात महिन्यांपूर्वीची नक्कल सापडली, तीच नव्या डिस्कवर चढवली. "आलं बाबा सगळं," म्हणून टापटीपराव मोकळे झाले.

पहिलीच आत आली फिट येणारी एक मुलगी, आईबरोबर. तिचं औषध संपलं होतं. पडद्यावर बघून डॉक्टरबाई लिहू लागल्या, "अडीच मिली, दोन वेळा."

"अहो मॅडम, ते आधीचं," आई म्हणाली. "अडीचवर हिला शाळेत फिट आली, मग तुम्हीच चार केलंत ना?" तिनं पर्समधून घड्या पडलेली चिठ्ठी काढली. अक्षर डॉक्टरबाईंचंच होतं.

डॉक्टरबाईंनी अडीच खोडून चार लिहिलं, पडद्यावरच्या नोंदीतही तसंच केलं. तो जुना आकडा माझ्या पोटातून आला होता, मित्रांनो. त्या आईनं गप्प बसून औषध नेलं असतं तर?

"मी एकही शनिवार चुकवला नाही, मॅडम," टापटीपराव पुटपुटले.

"हो, पण कधी उघडून पाहिलंत?"



मित्रांनो, मला मखमल नको. धूळ बसली तरी चालेल. पण मला उघडा, आत काय आहे ते वाचा. जपणं म्हणतात ते यालाच.

परवाच्या शनिवारी टापटीपरावांनी नक्कल घेतली, ती उघडली, त्या मुलीचं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं, "चार मिली." माझा राग अजून गेलेला नाही. पुढच्या शनिवारीही वाचतात का, ते बघणार आहे मी.