उभ्या बैठकीतली शांतता

काम फसलं की माणसं आधी पद्धतीला दोष देतात, आणि तेवढ्याने भागलं नाही की एखाद्या माणसाला. मोंतेविदेओ शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सध्या दोन्ही चाललं होतं.

त्यांनी बनवलेली, रुग्णवाहिका पाठवणारी यंत्रणा तकुआरेम्बो या खेड्यापाड्यांच्या भागात सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी गाडी भलत्याच वाडीवर गेली. छातीत कळ आलेला म्हातारा ताटकळत राहिला. वाचला, पण थोडक्यात! यंत्रणेतलं पत्त्यांचं काम यामांदू या प्रोग्रामरचं. म्हणून संचालक फेरेइरा आज त्याला घरी पाठवणार होते.

"सगळं आधी लिहून, सह्या घेऊन मगच बनवायचं. जुनी पद्धतच खरी!" एकजण म्हणाला.

"म्हणजे चूक वर्षभराने कळली असती! थोडं करा, दाखवा, सुधारा, हेच बरं," दुसरा तणतणला.

प्रकल्पप्रमुख मिर्ताला मात्र मागची एक सकाळ आठवत होती. कोण कुठे अडलंय ते कळावं म्हणून त्यांची रोज सकाळी उभ्याउभ्या बैठक होई. माते नावाच्या, नळीने प्यायच्या कडू काढ्याचं भांडं हातोहात फिरे. गरम पाण्याचा थर्मास मिर्ताच्या काखेत. तिथेच यामांदू म्हणाला होता, "मिर्ता, खेड्यातल्या घरांना नंबरच नाहीत गं. 'शाळेपलीकडचं दुसरं घर' असं सांगतात लोक. आपल्या रकान्यात ते बसत नाही."

"आधी घे, निवतोय," म्हणत तिने भांडं त्याच्या हातात कोंबलं होतं. नळी तोंडात गेली की माणूस बोलायचा थांबतो, हा हिशेब तिला पक्का ठाऊक होता. वर 'सगळं सुरळीत' कळवायचं होतं ना!

"काय पोरी, घशात काय अडकलंय?" कंपनीतल्या सर्वांत जुन्या, रोज त्या बैठकीला असणाऱ्या इर्माबाईंनी तिला गाठलं.

"आपली पद्धतच चुकली, इर्माबाई."

"पद्धत बिचारी उलटून बोलत नाही, म्हणून ढकला तिच्यावर! माझी निम्मी नोकरी जुन्या पद्धतीतच झाली. तिथेही गावोगाव फिरून विचारणारा साहेब होता, आणि न वाचता सही ठोकणाराही. नव्या पद्धतीत चूक लवकर सांगता येते, एवढाच तिचा फायदा. आणि तू सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलंस!"

"खरं बोलले तर माझी खुर्ची जाईल."

"जाईल. त्याची नोकरी गेली तर तू त्या खुर्चीत सुखाने बसशील?"

मिर्ता उठली आणि थेट फेरेइरांच्या खोलीत शिरली. यामांदू मान खाली घालून उभा होता.

"साहेब, याने वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि सगळं छान चाललंय असं तुम्हाला कळवलं, तेही मीच!"

फेरेइरांचा आवाज पार जिन्यापर्यंत ऐकू गेला. यामांदूची नोकरी वाचली. मिर्ताचं प्रमुखपद गेलं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "माफ कर मला."

यामांदू पुटपुटला, "मीही पुन्हा बोललो नाही, मिर्ता. रोज 'ठीक आहे' म्हणत राहिलो. तो म्हातारा माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही."

वाचकहो, कामाची पद्धत जुनी घ्या की नवी; वाईट बातमी आणणाऱ्याला तिथे उभं राहायला जागा हवी. आपण ज्याला गप्प बसवतो, त्याच्या गप्प बसण्याची किंमत कुणी तिसराच मोजतो. आपल्या घरात, कचेरीत आज कोण बोलता बोलता थांबलंय? त्याला आजच विचारा!