उगाकीचा शेवटचा फोर्क

तीन वर्षं मी उगाकीशी खोटं बोललो. तोंडाने कमी, हाताने जास्त.

माझं नाव सेगावा. आमच्या कुरोशिओ बेसबॉल संघात मी बुलपेनचा कॅचर आहे. म्हणजे तिकडे मैदानात सामना रंगलेला असतो, तेव्हा मी कडेच्या पत्र्याखाली उकिडवा बसून, पुढे चेंडू टाकायला जाणाऱ्या पिचरचे सरावाचे चेंडू झेलत असतो. सामन्याच्या यादीत माझं नाव नसतं. पोरंसोरं खेळाडूंची कार्डं जमवतात, त्यात माझं कार्ड नाही. खेळाडू आम्हाला ‘भिंत’ म्हणतात. पंचविसाव्या वर्षी संघाने मला खेळाडू म्हणून नारळ दिला आणि त्याच आठवड्यात भिंत म्हणून परत बोलावलं. त्याला सोळा वर्षं झाली. गुडघे सोडले तर माझी तक्रार नाही.

पण भिंतीलाही एक कला यावी लागते. आवाजाची. चेंडू ग्लोव्हच्या नेमक्या कुठल्या जागी घ्यायचा, शेवटच्या क्षणी मनगट किती पुढे ढकलायचं, हे जमलं की मेलेला चेंडूसुद्धा फाट्‌कन वाजतो. वर पत्रा असतोच साथीला. लगेच आपण ओरडायचं, “नाइस बॉल!” समोरच्या पिचरची छाती दोन बोटं फुगते, आणि तो फुगलेल्या छातीने मैदानात जातो. ज्याला हे फसवणं वाटत असेल त्याने एकदा घाबरलेल्या पिचरचा चेहरा जवळून बघावा.

उगाकी माझ्याच वयाचा, एक्केचाळीसचा. एकवीस वर्षं याच संघात. दुसऱ्या संघांनी किती वेळा बोलावलं, पण हा म्हणायचा, “तिकडे स्टेशनवर आपल्यासारखी माशाची वडी मिळत नाही.” गावाला त्याचं इतकं वेड की न्हाव्याच्या दुकानापासून बंदराच्या बोटीपर्यंत सगळीकडे त्याचा फोटो, आणि सगळ्या फोटोंत केस आत्तापेक्षा दाट. हे सगळं त्याच्या एका चेंडूमुळे. दोन बोटांच्या बेचक्यात पकडून टाकायचा. सरळ येतोय असं वाटतं आणि फलंदाजाच्या पुढ्यात आल्यावर पायाखालची फळी काढल्यासारखा खाली पडतो. त्याला फोर्क म्हणतात. बाकीच्यांचाही पडतो, पण उगाकीचा असा पडायचा की फलंदाज हवेत बॅट फिरवून गुडघ्यावर यायचा आणि वर स्वतःच हसायचा.

तीन वर्षांपूर्वी उगाकीच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर फोर्क पडायचा हळूहळू बंद झाला. पहिल्या वर्षी शंभरातले वीस पडायचे, मग पाच. या उन्हाळ्यात एकही नाही. सरळ यायचा, हळू यायचा आणि माझ्या ग्लोव्हमध्ये निमूट येऊन बसायचा. मी मात्र ग्लोव्ह जरा खाली नेऊन झेलायचो, मोठा आवाज काढायचो आणि म्हणायचो, “पडला! काय पडला!” तो मान डोलवायचा. मोठ्या सामन्यात त्याला कोणी उतरवत नव्हतं, त्यामुळे मी खोटा पडण्याची भीती नव्हती.

सप्टेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली. मोसमातला शेवटचा सामना, रविवारी दुपारी दोनला, आपल्याच मैदानावर. आम्ही सहा संघांत पाचवे, समोरचे चौथे, त्यामुळे सामन्याला उगाकीशिवाय काही अर्थ नव्हता. तिकिटं दोन तासांत संपली.

आमच्याकडे निरोपाच्या सामन्याची एक रीत आहे. नियमांच्या पुस्तकात नाही, पण शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. जाणारा पिचर सुरुवातीला एकाच फलंदाजाला चेंडू टाकतो. टाकायचे ते सरळ, काही लपवाछपवी नाही. आणि फलंदाजाने जीव तोडून बॅट फिरवायची आणि तीनही वेळा हुकवायची. तिसऱ्यांदा हुकली की बाद. मग फुलं, भाषण, रडारड.

यंदा हा मान समोरच्या मिनागीकडे आला. तेवीस वर्षांचा, त्यांचा पहिल्या क्रमांकाचा फलंदाज. सामन्याआधी तासभर तो आमच्या बुलपेनपाशी आला आणि टोपी काढून कमरेत वाकला. उगाकी अजून कपडे बदलत होता.

“सेगावासान,” तो अदबीने म्हणाला, “एक विचारू का? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“मला हुकवता येत नाही हो!” त्याच्या कपाळावर घाम होता. “लहानपणापासून मारायलाच शिकलोय. काल हॉटेलात आरशासमोर शंभर वेळा हुकवलं. नाटक वाटतं. आणि उगाकीसानचा चेंडू आता... म्हणजे माफ करा, पण आता...”

“हळू येतो. बोल ना, मला काय लाजतोस?”

“हळू येतो,” तो पुटपुटला. “चुकून लागला तर मी गावातून जिवंत बाहेर पडणार नाही. म्हणून मी ठरवलंय, चेंडूच्या वीतभर खालून फिरवायची. पूर्ण ताकदीने. म्हणजे दिसायला खरं दिसेल आणि लागायचा प्रश्नच नाही. चेंडू सरळच येणार ना?”

“या सामन्यात सरळच येतो, बाबा. आजवर कोणी दुसरा टाकलेला नाही.”

“नक्की?”

“अरे, तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ का? जा, दोन घास खा. चेहरा बघ कसा झालाय.”

तो गेला आणि उगाकी आला. नव्या धुतलेल्या कपड्यांत, दाढी करून. त्याची बायको किनुए मागच्या जाळीपाशी उभी राहून सारखी नाक पुसत होती आणि कोणी बघितलं की ऊन फार आहे म्हणत होती. ढग होते.

आम्ही सुरू केलं. पाच सरळ चेंडू. फाट्, फाट्. नाइस बॉल, नाइस बॉल. मग त्याने ग्लोव्ह उलटा करून दाखवला. ती आमची फोर्कची खूण.

“आज कशाला?” मी म्हटलं. “आज सरळच टाकायचेत.”

“टाकू दे रे. नंतर कोण झेलणार आहे माझे?”

त्याने दहा टाकले. दहातला एकही पडला नाही. मी दहाही वेळा ग्लोव्ह खाली नेला, दहाही वेळा पत्रा दणाणला. दहाव्यानंतर तो माझ्यापर्यंत चालत आला आणि समोर उकिडवा बसला. आम्ही दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो, दोघांचेही गुडघे कुरकुरत होते.

“सेगावा, खरं सांग. पडतो का?”

“पडतो की.”

“तीन वर्षं हेच ऐकतोय. तुझ्या ग्लोव्हमध्ये माझ्या आईने लिंबू टाकलं तरी तोफेसारखा आवाज येईल. एकदा खरं सांग, मग मी जातो.”

“आज कशाला हवंय तुला ते?”

“आज नाही तर कधी? उद्यापासून मी पिचर नाही. बाहेर पन्नास हजार हात टाळ्या वाजवायला बसलेत, तो पोरगा मुद्दाम हुकवणार, बायको रडणार. सगळे माझं मन राखणार. एकाने तरी राखू नये. घरी जाऊन मला रोज हाच प्रश्न पडेल, की शेवटी शेवटी हातात काही होतं की नुसता आवाजच होता? तू सांगितलंस तर सुटेन.”

मला त्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं माणूस काही विचारत नाही आणि दहा मिनिटं उरलेली असताना असं विचारतो! पण त्याचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते, आणि मला आणखी एक खोटं काही केल्या सुचेना.

“पडत नाही,” मी म्हणालो. “या उन्हाळ्यात एकही पडला नाही. आत्ताचे दहाही नाही.”

तो माझ्या खांद्यावर थाप मारून उठला.

“बरं झालं सांगितलंस.”

आणि टोपी सारखी करत मैदानाकडे निघून गेला. मी तिथेच बसून राहिलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा एका पिचरला मी रिकाम्या छातीने बाहेर पाठवलं होतं, आणि तोही माझा मित्र, आणि तोही आजच्या दिवशी. माझ्या जिभेला हाड नाही, हेच खरं. धावत जाऊन ‘थट्टा केली रे’ म्हणावं असंही वाटलं, पण एव्हाना प्रेक्षकांतले कर्णे वाजायला लागले होते.

आमच्या पत्र्याखालून मैदान पूर्ण दिसतं. उगाकी मधल्या उंचवट्यावर चढला. लोक उभेच. मिनागी आला, हेल्मेट काढून वाकला. उगाकीनेही टोपी काढली.

पहिला चेंडू सरळ. फळ्यावर वेग लागला, ताशी एकशे चोवीस किलोमीटर. शाळेतली पोरं याहून जोरात टाकतात. मिनागीने खालून अशी बॅट फिरवली की स्वतःच गरकन फिरला. टाळ्यांचा कडकडाट. दुसराही सरळ, दुसऱ्यांदा तसंच. पोरगं झकास हुकवत होतं, आरशाचा उपयोग झाला म्हणायचा.

आता तिसरा. मैदानातल्या आमच्या कॅचरने कुठला चेंडू टाकायचा याची बोटाने खूण केली. सरळ.

उगाकीने मान हलवली. नाही.

कॅचर गोंधळला. निरोपाच्या सामन्यात कोणी मान हलवत नाही, कारण दुसरी खूणच नसते. त्याने पुन्हा तीच केली. उगाकीने पुन्हा मान हलवली, आणि मग एकदा, एकदाच, आमच्या बुलपेनकडे बघितलं. हा हट्टी बैल आता काय करणार ते मला कळलं. माझ्या शब्दावर विश्वास न ठेवता तो स्वतः पडताळून बघणार होता. सरळ चेंडूवर लाज निभावून जात असताना हात दाखवून अवलक्षण करून घेणार होता.

त्याने हात उचलला, टाकला.

चेंडू कमरेच्या उंचीवरून सरळ आला. मिनागीने ठरल्याप्रमाणे वीतभर खालून, पूर्ण ताकदीने, बॅट फिरवली. आणि चेंडू पडला. माझ्या डोळ्यांदेखत पडला, जुन्या दिवसांसारखा, बरोब्बर एक वीत. जिथे काही नसायला हवं होतं नेमकी तिथे बॅट येत होती.

खण्‌कन आवाज झाला. त्यात माझी काही करामत नव्हती.

चेंडू उंच गेला आणि डाव्या बाजूला, आमच्याच कर्णेवाल्यांच्या घोळक्यात जाऊन पडला. होमरन, म्हणजे चारही तळांना फेरी मारून एक धाव. सगळं मैदान गप्प झालं. इतकं गप्प की किनुएचा हुंदका मला ऐकू आला. मिनागी बॅट धरून पुतळ्यासारखा उभा. पंचांनी त्याला हलवलं, “पळ बाबा, पळावंच लागतं.” तो पळाला. हेल्मेट काखेत, डोळ्यांतून धारा. पहिल्या तळावर थांबून उगाकीकडे वाकला, दुसऱ्यावर वाकला, तिसऱ्यावर वाकला. एवढ्या सावकाश धावलेला होमरन मी पाहिलेला नाही.

आणि उगाकी? तो उंचवट्यावर दोन्ही हात वर करून नाचत होता. लोकांना वाटलं, धक्का बसला बिचाऱ्याला. तो माझ्याकडे वळला आणि सरळ तळहात हवेत पुढे नेऊन एकदम खाली पाडून दाखवला. एकदा, दोनदा, तीनदा.

“पडला!” तो ओरडला. “सेगावा, गाढवा, पडला!”

पत्र्याखाली मी एकटाच होतो म्हणून बरं. मी ग्लोव्हमध्ये तोंड घालून रडलो.

आम्ही तो सामना एक विरुद्ध शून्य हरलो. म्हणजे हरणारा पिचर म्हणून कायमचं नाव लागलं ते उगाकीचं. फुलं द्यायला मिनागी आला तेव्हा तो गुडघ्यांवरच बसायला निघाला होता. उगाकीने त्याची कॉलर धरून त्याला उभा केला.

“उगाकीसान, मी मुद्दाम नाही हो! मी खालून...”

“माहीत आहे. मुद्दाम मारला असतास तर हुकला असता.” उगाकी त्याच्या डोक्यावर टपली मारत म्हणाला. “एवढी मोठी भेट मला आजवर कोणी दिली नाही. रडू नकोस, कर्णेवाले तुला वडी खाऊ घालणार आहेत.”

दोन्ही संघांनी मिळून त्याला हवेत उडवलं. त्याच्या शर्टावरचा आकडा एकसष्ट, तेवढ्या वेळा उडवायचं असं कोणीतरी म्हणालं. सातव्या वेळी त्याची कंबर बोलली, तेव्हा थांबले.

लोक गेल्यावर, दिवस कलतीला लागलेला असताना, तो बुलपेनमध्ये आला. अंगाला फुलांचा वास, हातात चेंडू.

“काय रे भिंती,” तो म्हणाला, “तीन वर्षं खोटं बोललास. जन्मात एकदा खरं बोललास, तर तेच खोटं निघालं.”

“माझं नशीब. पुन्हा खरं बोलायचं नाही, कानाला खडा.”

“बस खाली. एक टाकतो.”

मी बसलो. त्याने ग्लोव्ह उलटा करून दाखवला आणि टाकला. चेंडू सरळ आला, हळू आला. तसूभरही पडला नाही. या वेळी मी ग्लोव्ह खाली नेला नाही, आला तिथेच झेलला. ढप्प.

“पडला नाही,” मी म्हणालो.

“दिसलं मला.” तो हसला. मग हात पुढे करून चेंडू परत मागितला. बराच वेळ तो हातात फिरवत राहिला. “आणखी एक टाकतो. पडू दे नाही तर न पडू दे. तू फक्त वाजव.”

मी गुडघे टेकवले, ग्लोव्ह उघडला, आणि सोळा वर्षांत शिकलेलं सगळं त्या एका चेंडूला लावलं.